पावणेचार आटे: हॅरी पॅच दालनाच्या प्रकल्प नोंदी

प्रकल्प: विश्वकर्मा जयंतीच्या (१७ सप्टेंबर) प्रदर्शनात प्लंबर ट्रेडचं दालन
विषय: हॅरी पॅच (१८९८–२००९)
नोंदी: शिल्प निदेशक (आयटीआयमधला शिक्षक), प्लंबर

१४ जुलै

प्रदर्शनाची बैठक झाली. इलेक्ट्रिशियनवाले नेहमीप्रमाणे एडिसन-टेस्ला करणार, फिटरवाले वाफेचं इंजिन. प्लंबरच्या वाट्याला दरवर्षी 'पाणी वाचवा' येतं. गळकी तोटी रंगवायची, खाली घोषवाक्य, झालं. या वेळी मी माणूस सुचवला. इंग्लंडमधल्या समरसेट परगण्यातल्या खेड्यातला एक प्लंबर. अठराव्या वर्षी सक्तीच्या भरतीत सैन्यात गेला, पहिल्या महायुद्धात खंदकात लढलेल्या सगळ्या देशांच्या सैनिकांमधला जगातला शेवटचा जिवंत माणूस ठरला, आणि २००९ साली १११ व्या वर्षी वारला.

प्राचार्यांना आवडलं. त्यांनी तिथल्या तिथे शीर्षकही देऊन टाकलं: 'वीर प्लंबर'. वहीत लिहून घेतलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. जागा मिळाली दाराजवळची, दहा फुटांची भिंत. पैसे मिळणार नाहीत, वर्कशॉपच्या भंगारातून भागवायचं.

१६ जुलै

सुरुवात गावापासून. कूम डाउन हे बाथ शहराच्या दक्षिणेला टेकडीवर वसलेलं गाव. बाथमधल्या त्या प्रसिद्ध पिवळसर इमारती ज्या दगडाच्या आहेत, तो दगड इथला. गावाच्या पोटातच खाणी. माणसांनी पायाखालचा दगड काढून शहराला विकला आणि स्वतः पोकळीवर राहिली. पॅच शंभरी ओलांडून गेल्यावर त्या खाणी फोम काँक्रीटने भरून घ्यायचं मोठं काम निघालं. सिव्हिलच्या निदेशकांना हे सांगितलं तर ते अर्धा तास उठेनात.

बाप पाथरवट-गवंडी, कामात मुरलेला. पोराचा जन्म १७ जून १८९८. १९१३ साली, पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि हॅरी प्लंबरच्या हाताखाली उमेदवारीला लागला. आमच्याकडे दहावी होऊन येणारी पोरं याच वयाची असतात. फलकावर त्याचं पहिलं वाक्य हेच ठेवायचं: 'पंधराव्या वर्षी उमेदवारी'. बाकी काही सांगायच्या आधी पोरांना तो आपल्यातला वाटला पाहिजे.

२१ जुलै

वर्गात चर्चा. तीन-चार जण अग्निवीर भरतीच्या तयारीत आहेत, पहाटे धावून येतात आणि पहिल्या तासाला पेंगतात. त्यांनी कान टवकारले. प्रश्न अपेक्षित तेच: किती मारले? पदकं किती? बंदूक कोणती?

मी उलटा प्रश्न टाकला. माणूस १११ वर्षं जगला. त्यातली किती वर्षं युद्धात गेली असतील? अंदाज आले, पाच, चार, दहा. खरं उत्तर सांगितलं: फ्रान्सला पोचला जून १९१७ मध्ये, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या सुमारास. जखमी होऊन कायमचा आघाडीबाहेर पडला २२ सप्टेंबर १९१७ ला. तीन महिने आणि वर काही दिवस.

वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, मग काळाची पट्टी कागदावर कशाला काढायची? पाइपच लावू की. एक वर्षाला एक इंच."

याच्यावर दुसरं काही सुचवायला जागाच नव्हती. वय तेवढे इंच. १११ इंच म्हणजे सव्वानऊ फूट, दहा फुटी भिंतीवर बरोब्बर बसतं. अर्धा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप) घेऊ, भंगारात चांगला तुकडा आहे.

२५ जुलै

पाइपाचा हिशेब पक्का केला. शून्यावर जन्म. १५ इंचावर उमेदवारी. १८ इंचांच्या थोडं पुढे भरती. १९ वर आघाडी. ६५ वर निवृत्ती. १०० वर पहिल्यांदा तोंड उघडलं (ते पुढे). १११ आणि वर जेमतेम एक सूत (इंचाचा आठवा भाग), शेवट.

आता गंमत. अर्धा इंची पाइपाला इंचाला १४ आटे पडतात, हे पोरांना पाठ आहे. सव्वा तीन महिने म्हणजे साधारण पाव इंच. पाव इंचात साडेतीन, ताणून पावणेचार आटे. म्हणजे ज्या गोष्टीमुळे जगाला हा माणूस माहीत झाला, ती सव्वानऊ फुटांच्या पाइपावर पावणेचार आटे एवढी.

करायचं कसं? अखंड पाइपाच्या मधोमध आटे पाडता येत नाहीत. म्हणून पाइप १९ इंचांच्या अलीकडे कापायचा. उजवीकडच्या लांब तुकड्याला नेहमीपेक्षा जास्त आटे पाडायचे, डावीकडचा तुकडा सॉकेटने जोडायचा, आणि सॉकेटची कड बरोबर १९ वर आणून पुढे पावणेचार आटे उघडे ठेवायचे. त्यावर ना सफेदा, ना टेप, ना रंग. बाकी पाइपाला ॲल्युमिनियम रंग.

फिटरचे निदेशक म्हणाले, "उघडे आटे गंजतील." गंजू देत.

३० जुलै

आजचा दिवस शिशाचा. पॅच शिकला तेव्हा प्लंबिंग म्हणजे शिसंच. नळ शिशाचे, पन्हळी शिशाच्या, चर्चच्या छपरांवर शिशाचे पत्रे, ते लाकडी थापीने ठोकून वळणावर बसवायचे. आमच्या पोरांनी सीपीव्हीसीच्या प्लॅस्टिक पाइपाला सोल्युशन लावून दहा सेकंद धरण्यापलीकडे जोड पाहिलेला नाही. म्हणून निवृत्त निदेशक अण्णांना बोलावलं. त्यांनी उमेदीच्या काळात शिशाचे जोड केलेत आणि हात अजून स्थिर आहे.

काळजी घेतली ती अशी: शेडबाहेर उघड्यावर काम, वारा पाठीमागून, मास्क, शिशाला फक्त अण्णांचा आणि माझा हात, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय कोणी डब्याला शिवायचं नाही. शिसं अंगात साठतं. त्या काळच्या प्लंबरना त्याने खाल्लंय, हेही फलकावर आलं पाहिजे.

जोड असा: एका नळाचं तोंड लाकडी शंकूने फुलवायचं, दुसऱ्याचं तासून निमुळतं करायचं, एकात एक बसवायचं. दोन्हीकडे ठरावीक रेघेपलीकडे काजळीचा लेप द्यायचा, म्हणजे तिथे डाग धरत नाही. तासलेल्या चकचकीत भागावर चरबी चोळायची. मग दोन भाग शिसं आणि एक भाग कथील यांचा वितळलेला रस पळीने वरून सोडत राहायचा. खाली दुसऱ्या हातात जाड कापडाची चरबी लावलेली घडी. हा मिश्रधातू एकदम घट्ट होत नाही. मधे थोडा वेळ लोण्यासारखा राहतो, आणि त्या थोड्या वेळात कापडाने पुसत पुसत त्याला गोल, फुगीर आकार द्यायचा. उशीर झाला की गोळे होतात, घाई केली की सगळं खाली गळतं.

अण्णांचा पहिला जोड गळून पडला. ते म्हणाले, "पुन्हा." दुसरा बसला. मधे फुगीर, दोन्ही टोकांना सुरेख निमुळता, कडा कात्रीने कापल्यासारख्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा चहा प्यायला निघाले, मी त्यांना आधी साबणाकडे पाठवलं.

तो जोड १५ इंचांच्या खुणेखाली मांडायचा, काचेच्या पेटीत.

६ ऑगस्ट

भरतीचा मजकूर. ब्रिटनमध्ये सक्तीची भरती जानेवारी १९१६ च्या कायद्याने आली. तोपर्यंत लढणारे स्वेच्छेने गेलेले होते. पॅच स्वेच्छेने गेला नाही, हे त्याने कधी लपवलं नाही. मोठा भाऊ सैन्यात होता, जखमी झाला होता, खंदक म्हणजे काय हे त्याने घरी सांगितलं होतं. ऑक्टोबर १९१६ मध्ये बोलावणं आलं. टॉन्टनच्या बराकीत हजर, हिवाळाभर प्रशिक्षण. लान्स कॉर्पोरलची (साध्या शिपायाच्या वरची पायरी) एक फीत मिळालीही. पण कोणीतरी त्याचे बूट लांबवले, त्याने मारामारी केली आणि फीत गेली. पुन्हा कधी बढती नाही. वर्गाला हा प्रसंग फार आवडला. हॉस्टेलवर चपला जातात, त्यामुळे लगेच पटलं.

एक दुवा इकडचाही आहे. युद्ध सुरू झाल्यावर बाथच्या भागातली प्रादेशिक सेनेची पलटण, समरसेट लाइट इन्फन्ट्रीची १/४ बटालियन, १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये हिंदुस्थानला पाठवली गेली. इथल्या कसलेल्या फौजा फ्रान्सला न्यायच्या होत्या, त्यांच्या जागी ही माणसं. म्हणजे पॅचच्या गावाभोवतीची, त्याच्याहून थोडी मोठी पोरं जहाजाने इकडे आली आणि त्याच सुमारास खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या फ्रान्सला पोचत होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यूव्ह शापेल गावावरच्या हल्ल्यात या दोन कंपन्या ४७ व्या शीख पलटणीबरोबर होत्या आणि त्यांची भयानक हानी झाली. सॅपर म्हणजे सुतार, लोहार, गवंडीकाम जाणणारी माणसं. कारागीर सैनिक शोधायला समरसेटपर्यंत जायची गरज नाही, हे खरं. पण त्या माणसांना शंभर वर्षं जगून स्वतःच्या तोंडाने सांगायला मिळालं नाही. न्यूव्ह शापेलच्या १९२७ सालच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीय नावं आहेत, त्यांच्यापुढे फक्त पलटण आणि हुद्दा. पॅचच्या दालनात एक छोटी चौकट खडकीची ठेवू.

१२ ऑगस्ट

लुईस गन. पोरांना पीव्हीसीत तिची प्रतिकृती करायची होती, दोघांनी तर जाड पाइप कापूनही ठेवला. थांबवलं. प्रदर्शनात बंदूक ठेवली की लोक बंदुकीबरोबर फोटो काढतात, दुसरं काही वाचत नाहीत.

पण यंत्र समजून घेणं आमच्या धंद्यात बसतं. पॅच ७ व्या ड्यूक ऑफ कॉर्नवॉल्स लाइट इन्फन्ट्री या पलटणीत लुईस गन या हलक्या मशीनगनचा दोन नंबर होता. गन वायूच्या दाबावर चालणारी, वजन १२-१३ किलो, वर ४७ काडतुसांची गोल थाळी. एक नंबर गोळ्या झाडतो. दोन नंबर त्याच्या शेजारी पडून थाळ्या बदलतो, सुट्या भागांची पिशवी सांभाळतो, गन अडकली की चिखलातच ती मोकळी करतो. बाकीचे तिघे दारूगोळा वाहतात. पाच जणांची टोळी. प्लंबरच्या उमेदवाराला दोन नंबरचं काम का दिलं असेल, हे पोरांना समजावून सांगायची वेळ आली नाही. एकाने स्वतःच विचारलं, "हेल्परच ना सर?" हेल्परच.

म्हणून गनऐवजी पिशवी ठेवायची. खाकी कापडाची, आत स्प्रिंग, पाना, तेलाची कुपी, चिंधी. हे सगळं वर्कशॉपात आहेच.

आणि या टोळीचा आपसातला करार: शक्यतो जीव घ्यायचा नाही, पायांवर मारायचं. पॅचने हे म्हातारपणी सांगितलं. एकदा एक जर्मन संगीन रोखून थेट त्याच्यावर चालून आला. दोन नंबरकडे रायफल नसते, रिव्हॉल्व्हर असतं. त्याने आधी खांद्यात गोळी मारली. रायफल पडली, तरी तो येतच राहिला. मग ठरवायला काही सेकंद. पॅचने छातीत न मारता पायात मारली, घोट्याच्या वर आणि गुडघ्याच्या वर.

"किती मारले" या प्रश्नाचं उत्तर पोरांना इथे मिळालं. एक जण म्हणाला, असं करून चालेल का, समोरचा उद्या पुन्हा येईल. दुसरा म्हणाला, तो येईल तेव्हा बघू. मी मधे पडलो नाही. फलकावरही निवाडा द्यायचा नाही, प्रसंग तेवढा लिहायचा.

१८ ऑगस्ट

परवा १६ तारीख होती. १९१७ च्या १६ ऑगस्टला पॅचच्या बटालियनने बेल्जियममधल्या ईप्र शहराच्या ईशान्येला स्टेनबेक नावाचा ओढा ओलांडून लांगमार्क गावावर चाल केली. ईप्रची तिसरी लढाई, लोक तिला पाशनडेल म्हणतात. ३१ जुलै ते १० नोव्हेंबर.

या लढाईतला चिखल सगळ्यांना माहीत असतो. तो चिखल का झाला, हे मात्र आमच्या ट्रेडने सांगावं. तो भाग सखल, खाली चिकणमाती, पाणी मुरत नाही. शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या चर खणून पाणी ओढ्यांत सोडलं होतं. म्हणजे अख्ख्या मुलखाला एक गटारयोजनाच होती आणि ती उताराच्या बोटभर फरकावर चालत होती. हल्ल्याआधीच्या तोफमाऱ्यात ब्रिटिशांनी चाळीस लाखांहून अधिक गोळे टाकले. चर गेले, ओढ्यांचे काठ गेले, उतार गेला. वर त्या ऑगस्टमध्ये १२७ मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे घाटात एवढा एका दिवसात पडतो आणि वाहूनही जातो. तिथे जायला वाटच उरली नव्हती. माणसं, खेचरं, तोफा त्यात बुडाल्या.

मॉडेल केलं: पत्र्याचे दोन ट्रे, दोन्हींत कुंभाराची माती. एकात शंभरास एकच्या उताराने चर काढले, दुसऱ्यात मुठीने खड्डे पाडले. दोन्हींत एक-एक तांब्या पाणी. पहिल्यातलं पाणी खालच्या डब्यात उतरलं, दुसऱ्यातलं संध्याकाळपर्यंत जागच्या जागी. सगळ्या दालनात हे सर्वांत स्वस्त मॉडेल आहे आणि मला वाटतं सर्वांत चांगलंही.

स्टेनबेकच्या चढाईतला एक प्रसंग फलकावर घ्यायचा की नाही, यावर माझं मन दोन्हीकडे होतं. पुढे सरकताना पॅचला त्यांच्याच पलटणीतला एक पोरगा पडलेला दिसला. खांद्यापासून कमरेपर्यंत फाटलेला. त्याने विनवलं, मला गोळी घाल. पॅचचा हात रिव्हॉल्व्हरकडे जायच्या आत तो गेला. जाताना एकच शब्द म्हणाला, 'आई'. पॅच सांगायचा की तो आवाज वेदनेचा नव्हता. समोर खरंच आई दिसल्यावर माणूस जसा हाक मारतो, तशी ती हाक होती. ही गोष्ट त्याने ऐंशी वर्षं कोणाला सांगितली नव्हती. घेतली. तीन ओळींत, विशेषण एकही नाही.

८ सप्टेंबर

गणपती उरकले. आज सॉकेट बसवलं. आटे पोराने हाताने पाडले, डाय (आटे पाडायचं हत्यार) सरळ ठेवून, तेल सोडत. मोजून पावणेचार उघडे.

त्याच्याखालची पट्टी आज लिहिली. २२ सप्टेंबर १९१७, रात्री साडेदहाची वेळ. टोळी आघाडीवरून मागे परतत होती. डोक्यावर गोळा फुटला. दारूगोळा वाहणारे तिघे जागीच गेले आणि त्यांचं पुरायलाही काही उरलं नाही. पॅचच्या जांघेत तुकडा घुसला. भूल संपली होती. डॉक्टरने विचारलं, तसाच काढू का? चौघांनी हातपाय दाबून धरले. दोन इंचांचा तुकडा निघाला.

ज्यांची कबर कुठे आहे हेच माहीत नाही अशा जवळपास ३५,००० जणांची नावं पाशनडेलजवळच्या टाइन कॉट दफनभूमीच्या भिंतींवर कोरली आहेत, ऑगस्ट १९१७ च्या मध्यानंतरची. त्याआधीच्यांची ५४,००० हून अधिक नावं ईप्रच्या मेनिन दरवाजा या स्मारकावर, त्यात भारतीयही आहेत. पॅचला मात्र ११ नोव्हेंबरचे, युद्ध थांबल्याच्या दिवसाचे समारंभ हा देखावा वाटायचा. त्याचा स्मरणदिन २२ सप्टेंबर, त्या तिघांचा.

प्राचार्य बघायला आले होते. त्यांनी पट्टी वाचली, उघड्या आट्यांवर बोट फिरवलं, आणि म्हणाले, "वीर राहू द्या, नुसतं प्लंबर लिहा." शीर्षकाचा प्रश्न मिटला: 'हॅरी पॅच, प्लंबर'. मी बोलायच्या तयारीत होतो ते सगळं बोलायचं वाचलं.

११ सप्टेंबर

२० इंचांपासून पुढचा लांबच लांब पाइप. इथेच प्रदर्शनं घसरतात. युद्ध संपलं की थेट म्हातारा आणि पदकं. आमच्याकडे तर खरा मजकूर इथे आहे.

शस्त्रसंधी झाला तेव्हा तो अजून इंग्लंडमध्ये, वाइट बेटावर, बरा होत होता. १९१९ साली लग्न. मग पुन्हा प्लंबिंग. ब्रिस्टलच्या विद्यापीठाची विल्स मेमोरियल बिल्डिंग, २१५ फूट उंच मनोऱ्याची, युद्धामुळे थांबली होती आणि १९१९ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिथे पॅच चार वर्षं कामाला होता. १९२५ मध्ये पंचम जॉर्जने ती उघडली. विल्स म्हणजे तेच, सिगारेटवाले. आपल्या पानटपऱ्यांवर ज्यांचं नाव पिढ्यान्‌पिढ्या होतं ते. पुढे पॅच त्याच्या प्लंबिंग कंपनीच्या ब्रिस्टल शाखेचा व्यवस्थापक झाला.

दुसऱ्या महायुद्धात भरतीचं वय उलटून गेलेलं, म्हणून बाथमध्ये अर्धवेळ अग्निशामक. एप्रिल १९४२ च्या अखेरीस जर्मन विमानांनी बाथवर लागोपाठ हल्ले केले, चारशेहून अधिक माणसं मेली. आगीवर पाणी मारायला निघालेल्यांत हा चाळिशी उलटलेला प्लंबर होता. ही गोष्ट मला खंदकाइतकीच मोठी वाटते, पण तिला कोणी शौर्य म्हणत नाही. पुढे स्ट्रीट नावाच्या गावी स्वतः प्लंबिंगचा धंदा चालवला आणि ६५ व्या वर्षी थांबला. ४५ ते ६५ इंचांमध्ये पोरांनी नळ, बॉलकॉक, सिंक, बॉयलर यांची छोटी चित्रं चिकटवली आहेत.

आणि या सगळ्या काळात युद्धाबद्दल अवाक्षर नाही. बायकोलाही नाही. १९ पासून १०० पर्यंत पाइपाच्या वरच्या बाजूला आम्ही काहीही लिहिलं नाही, फक्त खालच्या बाजूला कामं लिहिली. १९९८ मध्ये बीबीसीच्या माहितीपटासाठी त्याला विचारलं आणि तो बोलला. वृद्धाश्रमात त्याच्या खोलीसमोर चादरी-पलंगपोसांचं कपाट होतं. रात्री कोणी ते उघडलं की आतला दिवा भकदिशी लागायचा आणि अर्धवट झोपेत त्याला गोळा फुटल्यासारखं वाटायचं. ऐंशी वर्षांनंतर, ट्यूबलाइटने.

एकदा उघडल्यावर मात्र तो थांबला नाही. २००४ मध्ये, १०६ व्या वर्षी, ईप्रला जाऊन शार्ल कुएन्त्झला भेटला. कुएन्त्झ १०७ वर्षांचा, अल्सासचा (तो भाग तेव्हा जर्मनीत होता), म्हणून जर्मन सैन्यात, पाशनडेललाच समोरच्या बाजूला. दोघांनी हात मिळवले. कुएन्त्झने बिस्किटांचा डबा दिला, पॅचने समरसेटच्या सायडरची बाटली. पॅच सरळ म्हणायचा की युद्ध म्हणजे खून करायचा परवाना. ज्याची भाषा येत नाही, ज्याला कधी पाहिलं नाही, त्याला मारायला सरकारने मला का पाठवावं? आणि शेवटी सगळं मिटलं ते टेबलाभोवती बसूनच.

यावर वर्गात जोरात वाद. भरतीची तयारी करणारा एक जण चिडला. म्हणाला, सर, मग आम्ही काय करायचं? मी त्याला सांगितलं, तू धावत राहा. हा माणूस सैनिकांच्या विरुद्ध कधीच बोलला नाही, पाठवणाऱ्यांबद्दल बोलला. त्याला ते पूर्ण पटलं असं वाटलं नाही. पण पाइपाच्या १०० वरची पट्टी त्यानेच लिहायला घेतली, अक्षर चांगलं आहे त्याचं.

१५ सप्टेंबर

शेवटचं टोक. २००९ च्या १८ जुलैला ब्रिटनचा दुसरा शतायुषी सैनिक हेन्री ॲलिंगहॅम गेला, आणि आठवड्याने, २५ जुलैला, समरसेटमधल्या वेल्स शहरातल्या वृद्धाश्रमात पॅच. ६ ऑगस्टला वेल्सच्या कॅथीड्रलमध्ये अंत्यविधी. पेटी खांद्यावर घेणारे त्याच्या जुन्या रेजिमेंटच्या वारस पलटणीचे, आणि सोबत बेल्जियम, फ्रान्स व जर्मनी यांचे प्रत्येकी दोन साधे शिपाई. अधिकारी नकोत, शिपाई हवेत. आणि समारंभात एकही शस्त्र नको. दोन्ही अटी पाळल्या गेल्या. दफन कूम डाउनच्या शेजारच्या मंकटन कूमच्या चर्चच्या आवारात, आईबापांजवळ.

पाइपाच्या टोकाला काय लावायचं, यावर वर्कशॉपात मतभेद. कॅप, प्लग, की तोटी? तोटीवाले बरेच होते, 'पाणी चालू राहतं' वगैरे. मी साधी कॅप लावायला सांगितली. काम संपलं की लाइन बंद करायची, त्यात काव्य नको.

१८ सप्टेंबर

काल गर्दी बरी होती. मातीच्या ट्रेपुढे सगळ्यांत जास्त. शिशाचा जोड बघून शहरातले दोन जुने प्लंबर उभे राहिले आणि अण्णांशी तासभर बोलले. एका पालकाने विचारलं, हा एवढा तुकडा रंगवायचा राहिला का? पाइपापाशी उभ्या असलेल्या पोराने न अडखळता उत्तर दिलं, "नाही, ते युद्ध आहे."

राहिलेली कामं: खडकीच्या चौकटीत कंपन्यांचे क्रमांक मोठ्या अक्षरात हवेत, लांबून वाचता येत नाहीत. 'लांगमार्क' दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिलंय, एकसारखं करायचं. शिशाचा जोड कपाटात कुलपात. पाइप भिंतीवरच राहू द्यायचा असं प्राचार्य म्हणाले, तेव्हा क्लॅम्प चारऐवजी सहा करावे लागतील, मधे तो थोडा झुकतोय. पुढच्या बॅचला आटे पाडायला शिकवताना पहिला तास इथेच घ्यायचा.